मे महिन्यातले पांघरूण

सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत मी एकतीस वर्षे काढली. कागदोपत्री माझे पद अधिपरिचारकाचे होते. लोक ब्रदर म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. जे सांगणार आहे ते नोकरीतले नाही, पण नोकरी केली नसती तर ते घडले नसते. ते माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी घडले आणि ते मी केले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा दोष शोधत बसू नये.

पत्नीच्या डाव्या गालाला आतून चट्टा पडला होता. कारण खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेली ही वस्तू आमच्या भागात पाण्यासारखी खपते. तिला ती सवय माहेरी धानाच्या रोवणीच्या दिवसांत लागली. वाकून वाकून कंबर दुखते, तोंडात काही असले की दिवस निघतो, असे ती सांगत असे. लग्नानंतर पुडी मीच आणून देत असे. दिवसभर तोंड कापलेली माणसे पाहायची आणि घरी येताना चौकातल्या ठेल्यावर सायकल थांबवायची. यात काही विसंगत आहे असे मला त्या काळात कधी वाटले नाही.

तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी बेत सांगितला: गाल आणि जबड्याचा तुकडा काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या आणि छातीवरचे मांस वर ओढून गालाची जागा भरायची. जखम भरली की, शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत, किरणोपचार सुरू करायचे. डॉक्टर हे दोनदा म्हणाले. ‘सहा आठवडे. उशीर झाला तर ऑपरेशनचा फायदा कमी होतो.’ पत्नी चौथी शिकलेली होती. घरी आल्यावर तिने दिनदर्शिकेची पाने उलटून ऑपरेशनच्या तारखेपासून आठवडे मोजले आणि एका रविवारी पेन्सिलने फुली केली.

आम्ही माजरीच्या अलीकडे राहतो. रुग्णालय शहरात आहे. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तिथली मेट्रन माझ्या हाताखाली नोकरीला लागलेली. तिने पहिल्याच दिवशी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितले, ‘भाऊ, तुमी काही टेन्शन घेऊ नका. तुमच्यासाठी कुठीच दरवाजा बंद नाई.’ हे वाक्य मला आवडले होते.

शस्त्रक्रिया मे महिन्यात ठरली. आमच्याकडचा मे ज्याने काढलेला नाही त्याला थोडे सांगावे लागेल. सकाळी नऊनंतर माणूस ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. दुपारी रस्ते मोकळे असतात. उन्हाने कोणी पडले की आम्ही त्याला सावलीत नेतो, कपडे सैल करतो आणि ओल्या दुपट्ट्याने अंग पुसतो. हे कोणी शिकवत नाही. इथल्या माणसाच्या हाताला ते येते. आजारी माणसाला उकडत असेल तर त्याला गार करायचे, यापलीकडे आमची समजूत कधी गेली नाही. माझीही गेली नव्हती, आणि माझा तर तो पेशा होता.

त्या पेशाबद्दलही सांगतो. माझी पहिली नेमणूक आलापल्लीच्या बाजूला होती. जंगलातला डिसेंबर कडक. तेव्हा आम्ही शस्त्रक्रियागृहात शेगडी ठेवत असू आणि रुग्णाच्या पायांवर घोंगडी टाकत असू; कारण आमचेच हात आखडत. उन्हाळ्यात घोंगडी कपाटात जाई. पुढे मोठ्या रुग्णालयात बदली झाली आणि तिथे वातानुकूलन यंत्र आले. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. दोन-दोन झगे घालून दिव्याखाली उभे राहणाऱ्या सर्जनला घाम येऊ नये म्हणून खोली गार ठेवायची, हा नियम झाला. टेबलावर उघडा पडलेला माणूस म्हणे, ‘साहेब, थंडी वाजून राह्यली.’ आम्ही म्हणत असू, ‘आता झोप लागते, मग काही वाजणार नाही.’ आणि खरेच, त्यानंतर तो काही बोलत नसे. शुद्धीवर येताना त्याचे दात वाजत, पलंग हालत असे. ते भुलीच्या औषधाने होते असे आम्ही नातेवाइकांना सांगत असू. थंडी आम्हाला वाजली तरच ती रुग्णाला वाजते, असे धरून मी एकतीस वर्षे चाललो. त्यात किती जखमा पिकल्या आणि त्यातल्या किती या कारणाने पिकल्या, हे आता कोणत्याही कागदावर सापडणार नाही. कागद मीच लिहीत होतो. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ एवढेच त्यावर असे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पत्नीला आत नेण्याच्या दीड तास आधी बाहेरच्या तयारीच्या खोलीत आणले. नातेवाइकांना त्या खोलीत मनाई होती. दारावर तसे लिहिले होते. मेट्रनने मला आत सोडले आणि स्टूल दिले.

तिथे जी परिचारिका होती ती पंचविशीची असावी. शहरातल्याच एका मुसलमान घरातली. वडिलांचे गादी-रजईचे दुकान. तिने भिंतीजवळचे लोखंडी कपाट उघडले. कपडे गरम ठेवण्याचे ते कपाट होते. त्यातून दोन लोकरी ब्लँकेटे काढून तिने पत्नीच्या अंगावर गळ्यापर्यंत घातली, पायांत मोजे चढवले आणि खिशातून फ्लॅनेलची कानटोपी काढली.

पत्नीचे तोंड दोन बोटांपुरतेच उघडत असे. तरी ती बोलली. ‘अवो बाई, बाहेर डांबर वितळून राह्यलं, न् तू मले कानटोपी घालून राह्यली?’

‘घाला मावशी. घरी शिवली म्या. आमच्या अब्बाच्या दुकानात मे महिन्यात कुत्रं बी येत नाई. म्हणून माल इथी खपवून राह्यली.’

पत्नी हसली. हसताना तिला गाल धरावा लागे. ‘ऐकलं का जी?’ ती मला म्हणाली. ‘उन्हाळ्यात रजई विकते पोरगी. हुशार हाय.’

परिचारिकेने तापमान घेतले, कागदावर लिहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काका, एक तास असंच ठेवायचं. भुलीच्या मॅडमनं सांगतलं. आत लई थंड असते न् भूल देल्ली का अंगातली गरमी भरकन उतरते. आधीच गरम असलं तर कमी उतरते. घाम आला तर मले आवाज द्या, मी कोरडं बदलून देते. पण काढायचं नाई.’

मी मान हलवली. मला शिकवले गेले हे मला रुचले नव्हते. भिंतीवर याच विषयाचा एक छापील तक्ता लावलेला होता. तो मी वाचला नाही. असे तक्ते मीही लावले होते. ते कोण वाचते हे मला माहीत होते.

थोड्या वेळाने आतून पहिला रुग्ण बाहेर येत असल्याचा निरोप आला आणि तिला जावे लागले. खोलीत दुसरी परिचारिका नव्हती. जाताना ती दारातून म्हणाली, ‘काका, तुमी हाव म्हणून जाऊन राह्यली.’

दहा मिनिटे गेली असतील. पत्नीच्या कपाळावर घाम आला. मग वरच्या ओठावर आला. ती डोके हलवू लागली.

‘अजी, उकडून राह्यलं.’

‘थोडा वेळ आहे.’

‘जीव घाबरते माझा. काढा ना जरासं.’

तिला उकाडा होत होता आणि भीतीही वाटत होती. परिचारिकेला हाक मारणे हे माझे काम होते. दार दहा पावलांवर होते. मी हाक मारली नाही. पोरगी नवीन आहे, पुस्तकातले बोलते, मे महिन्यात रुग्णाला घोंगडीत घालून ठेवणे हे अडाणीपणाचे आहे, असे माझ्या मनात पक्के झाले. मी उठलो. कानटोपी काढली. मोजे काढले. दोन्ही ब्लँकेटे काढून, कोपरे जुळवून, घडी करून खुर्चीवर ठेवली. भिंतीवरच्या पंख्याचे तोंड तिच्याकडे फिरवले. खांद्यावरचा दुपट्टा नळाखाली धरला, पिळला आणि तिचा चेहरा, मान, हात, छातीचा वरचा भाग, पाय सावकाश पुसले. पाणी सुकले की पुन्हा भिजवून पुसले. असे तीनदा केले.

‘आता बरं वाटते,’ ती म्हणाली. तिने डोळे मिटले. संसारात मी तिची अशी सेवा पूर्वी कधी केलेली नव्हती. तिलाही ते जाणवले असावे. तिने माझे मनगट धरून ठेवले आणि तिला डुलकी लागली.

परिचारिका परतली तेव्हा ट्रॉली ओढणारे दोन कर्मचारी तिच्यासोबत होते. आतून बोलावणे आले होते. तिने आधी खुर्चीवरची घडी पाहिली, मग पंखा पाहिला, मग पत्नीच्या पायाला हात लावला.

‘कोणं काढलं?’

‘तिला घाम सुटला होता. मे महिना आहे.’

‘थिएटरात मे नसते, काका.’

‘मी एकतीस वर्षे थिएटर पाहिले आहे. मला शिकवू नकोस.’

तिने कपाटातले एक ब्लँकेट काढून पत्नीवर टाकले, टोपी पुन्हा घातली आणि ट्रॉलीबरोबर चालू लागली. तासाचे काम दोन मिनिटांत होणार नव्हते, हे तिला समजत होते. मला तेही समजत नव्हते.

शस्त्रक्रियागृहाचे दार झुलते होते. आतला आवाज बाहेर येत असे. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई विचारत होत्या, ‘पस्तीस पूर्णांक आठ? छत्तीसच्याही खाली? अंग ओलसर कसं? तुला एक तास वॉर्मिंग सांगितलं होतं ना?’

‘सॉरी मॅडम.’

‘सॉरी काय? काय करत होतीस?’

‘सॉरी मॅडम.’

मी दारापासून दोन हातांवर उभा होतो. ढकलले असते तर दार उघडले असते. मी स्टुलावर जाऊन बसलो. मग मेट्रन आली आणि म्हणाली, ‘भाऊ, इथी कायले बसता, चला, चहा घेऊ.’ मी चहा घेतला.

शस्त्रक्रिया साडेआठ तास चालली. आत गरम हवेचे यंत्र होते. कागदी पांघरुणात गरम हवा सोडून ते रुग्णाला ऊब देते. परंतु तोंड, मान आणि छाती ही सगळी कापण्याची जागा उघडी राहणार, म्हणून पांघरूण फक्त पायांवर बसले. उतरलेले तापमान लवकर चढत नाही. रक्त अपेक्षेपेक्षा अधिक गेले; दोन पिशव्या द्याव्या लागल्या. सायंकाळी तिला बाहेर आणले तेव्हा पलंगाचे कठडे वाजत होते. तो आवाज मी ओळखला. कोणी विचारले असते तर भुलीच्या औषधाने होते असे मी सवयीने सांगितले असते. कोणी विचारले नाही. ती परिचारिका ड्युटी संपूनही तिथे होती. एकामागून एक गरम ब्लँकेटे आणून घालत होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

भिंतीवरचा तो तक्ता मी दुसऱ्या दिवशी जाऊन वाचला. शरीर गार झाले की कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. जखमेच्या कडांना रक्त कमी मिळते. रक्त लवकर गोठत नाही. जंतूंशी लढण्याची ताकद घटते. चार ओळी होत्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. वाचायला एक मिनिट लागले.

पाचव्या दिवशी गालावर बसवलेल्या मांसाची कड काळी पडली. आठव्या दिवशी हनुवटीखालून पू आला. टाके सोडावे लागले. मी सर्जनना एकटे गाठून विचारले, तापमान उतरल्यामुळे असे झाले का. ते थकलेले होते. ‘खर्रा, अशक्तपणा, साखर, रक्त गेलं... कारणं दहा असतात हो. एकावर बोट कसं ठेवणार?’ त्यांनी मला धीर देण्यासाठी तसे सांगितले असेल. दहांपैकी एक कारण माझ्या हाताचे होते, एवढे मी त्यातून घेतले.

मधल्या काळात त्या परिचारिकेला लेखी ताकीद मिळाली. तिला शस्त्रक्रियागृहातून काढून वॉर्डात पाठवले. ज्या वॉर्डात पाठवले त्यात माझी पत्नी होती. म्हणून पत्नीची जखम रोज सकाळी तीच धूत असे. पहिल्या दिवशी मी पुढे होऊन म्हणालो, ‘सिस्टर, मला तुमच्याशी बोलायचे आहे.’ ती जखमेवरून नजर न काढता म्हणाली, ‘काका, बाजूले व्हा. उजेड अडवून राह्यले.’

मी बाजूला झालो.

पत्नीला बोलता येत नव्हते. नाकातून नळी होती. तिच्यासाठी मी एक वही आणली होती. त्यात ती ‘पाणी’, ‘उशी’, ‘पंखा नको’ असे लिही. एके सकाळी मेट्रनची फेरी झाली आणि ताकीद मिळालेल्या परिचारिकेला सगळ्यांसमोर चार शब्द ऐकावे लागले. फेरी पुढे गेल्यावर पत्नीने वही ओढली. बराच वेळ लिहीत होती. मग वही माझ्याकडे फिरवली.

‘पांघरूण तुमी काढले. बोलणे तिनं काऊन खावाचे?’

मी ते पान फाडून खिशात घातले. तिने पुढच्या पानावर तेच पुन्हा लिहिले.

तेव्हा मी मेट्रनकडे गेलो आणि काय झाले ते सांगितले. तिने खुर्चीतून उठून दार लावले.

‘भाऊ, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पोरगी काही बोलली नाई, पण तुमचा ओला दुपट्टा मी पाह्यला ना.’

‘मग तिला ताकीद कशी दिली?’

‘पेशंट कोणाच्या ताब्यात होता? नातेवाईक कायबी करतीन. लक्ष ठेवणं तिचं काम. तुमीच शिकवलं आमाले, भाऊ. त्या वक्ताले माझ्या पेशंटच्या बापानं सलाईन बंद केली होती, तर तुमी मलेच तीन दिवस बोलले. ध्यानात हाय?’

माझ्या ध्यानात नव्हते. तिच्या होते.

‘मी लिहून देतो,’ मी म्हणालो.

‘द्या ना. पण मंग पह्यला सवाल हा येईन, का नातेवाईक त्या खोलीत आलाच कसा. तुमाले आत मी सोडलं. माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर हाय. बाईची तब्येत पाहा भाऊ, हे कायले काढता?’

मी लिहून दिले नाही. मेट्रनसाठी नाही दिले, असे मी स्वतःला सांगितले. ते अर्धेच खरे होते.

पाचव्या आठवड्यात आम्हाला घरी सोडले. जखम उघडीच होती. दिवसाआड धुवावी लागणार होती. घरी परिचारक आहे म्हटल्यावर डॉक्टर निश्चिंत झाले. मी सगळे सामान मांडले, हात धुतले, पट्टी सोडायला पुढे झालो. तिने माझा हात धरून बाजूला केला. मला वाटले दुखत असेल. मी पुन्हा पुढे झालो. तिने पुन्हा बाजूला केला. नळी निघाली होती आणि तिला थोडे बोलता येऊ लागले होते. शब्द अर्ध्या तोंडातून येत, पण समजत.

‘तुमच्या हातानं नाई.’

‘मी आयुष्यभर हेच काम केले आहे.’

‘मालूम हाय. तिच्याकडून धुऊन घेईन.’

म्हणून दिवसाआड आम्ही एसटीने शहरात जाऊ लागलो. पाऊस लागला होता. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याचा काळा चिखल केला होता. गाडी आदळली की ती मान दोन्ही हातांनी धरून ठेवी. मी पिशवी आणि छत्री घेऊन मागे असे. ड्रेसिंगच्या खोलीत ती एकटी जाई. मी बाहेर बाकावर बसत असे. आतून कधी हसण्याचा आवाज येई. एकदा पत्नी तिला म्हणताना ऐकले, ‘तुझ्या अब्बाले सांग, दिवाळीले एक रजई लागन. दोघांची नको. एकटीची.’ त्यावर पोरगी म्हणाली, ‘एकटीची महाग पडते, मावशी.’ दोघी हसल्या.

पेन्सिलने फुली केलेला रविवार गेला. जखम भरली नव्हती. त्या दिवशी पत्नी दिनदर्शिकेजवळ गेली, फुलीकडे पाहिले आणि भाजी निवडायला बसली. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. काय केले, किती वाजता केले, कोणी सांगितलेले असताना केले, हे सर्व लिहिले. मला आत कोणी सोडले ते लिहिले नाही. पत्र रुग्णालयाच्या कार्यालयात दिले आणि प्रतीवर शिक्का घेतला.

पुढच्या खेपेला पत्नी आत गेल्यावर परिचारिका बाहेर आली. प्रथमच ती माझ्याशी आपण होऊन बोलली.

‘काका, तुमी चिठ्ठी देल्ली?’

‘दिली. खरे ते लिहिले.’

‘आता कायले देल्ली? ते मिटलं होतं. आता चौकशी लावली. मले पुसून राह्यले, का तू पेशंट सोडून काऊन गेली, न् तवाच खरं काऊन नाई सांगतलं. आता एकाच्या जागी दोन कागद झाले माझ्यावर.’

‘मी येऊन सांगतो.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘तुमी काही करू नका. हात जोडते.’ आणि खरेच तिने हात जोडले. मग आत जाऊन पत्नीची जखम धुतली.

चौकशीचे पुढे काय झाले ते मला कोणी कळवले नाही. ती वॉर्डातच राहिली. मेट्रन मला दिसली की दुसऱ्या जिन्याने जाई.

जखम दहाव्या आठवड्यात भरली. किरणोपचाराच्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि मुदत उलटल्याचे पाहून ओठ मुडपले. फाइलमध्ये उशिराचे कारण एका ओळीत लिहिलेले होते: ‘जखमेत जंतुसंसर्ग’. उपचार झाले. पत्नीने ते सगळे निमूट सोसले. तोंड सोलले गेले, चव गेली, वजन उतरले. दिवाळीच्या सुमारास मानेत पुन्हा गाठ आली. आता कापण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे वेळेवर उपचार होऊनही झाले असते का, असे मी विचारले नाही. उत्तर मला माहीत होते: सांगता येत नाही. या उत्तराने ज्याची सुटका होते त्याची होवो.

शेवटचे तीन महिने ती घरी होती. पट्टी बदलायला आता शहरात जाणे शक्य नव्हते. गावातली आशाताई येऊन बदलत असे. तिला जमत नसे. तिचे हात चुकत आणि मी दारात उभा राहून पाहत असे. मी दोनदा विचारले. पत्नी दोनदा नाही म्हणाली. रागाने नाही, ठरवून म्हणाली. दुखण्यावरच्या गोळ्या मात्र माझ्या हातून घेई. शेवटच्या पंधरा दिवसांत गोळ्यांनीही काम होत नव्हते.

ती माघात गेली.

तेरवी झाल्यावर मी शहरात गेलो. कोणी बोलावले नव्हते. वॉर्डात ती परिचारिका एका म्हाताऱ्याला सुई लावत होती. मला एकटे पाहून तिला कळले. तिने हातातले काम पुरे केले, हात धुतले आणि माझ्याजवळ आली.

‘कधी?’

मी सांगितले.

मग तिने विचारले, ‘लई दुखलं का मावशीले?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘झोपेत गेली.’

तीही परिचारिका होती. या आजाराने माणूस कसा जातो हे तिने पाहिलेले होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, ‘बरं,’ म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.